पिसांच्या उशा घरी धुतल्या : दीड वर्षाचा अनुभव

जर्मनीत असलेला माझा भाऊ गेल्याच्या गेल्या दिवाळीत आला तेव्हा दोन उशा घेऊन आला. तिकडच्या मापाच्या, ८० बाय ८० सेंटिमीटर, चौकोनी. आपला एकही अभ्रा त्यांना बसेना, शेवटी टेलरकडून चार शिवून घेतले. लेबलवर ७० टक्के पिसं आणि ३० टक्के डाऊन असं होतं. डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीकडची, पिसांच्या खालची मऊ लव. तिला मधली काडी नसते, नुसते बारीक तंतू असतात, आणि त्या तंतूंत हवा अडकून राहते म्हणून उशी फुगते. पिसाला काडी असते. ती कधीतरी कापडातून बाहेर येऊन गालाला टोचते. तेव्हा पीस उपटून काढू नका, भोक मोठं होतं. मागच्या बाजूने चिमटीत धरून आत ओढून घ्यायचं.

झोपायला उशा छान आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न आला धुण्याचा. आपल्याकडे उशी कुणी धुतंय का? सावरीच्या कापसाची उशी उन्हात टाकायची, दोन-चार वर्षांनी पिंजून घ्यायची, संपलं. सावर भिजली की गोळा होऊन बसते. पिसं मात्र धुता येतात. लेबलवर पाण्याच्या टबाचं चिन्ह आणि त्यात ४० आकडा होता, म्हणजे ४० अंशांपर्यंतच्या पाण्यात मशिनमध्ये चालेल. शेजारी चौकोनात गोल आणि गोलात एक ठिपका, म्हणजे ड्रायरमध्ये मंद आचेवर वाळवा. ड्रायर आमच्याकडे नाही, आणि गल्लीत कुणाकडे असेल असं वाटत नाही.

पहिल्या मे महिन्यात धुवायचं ठरवलं होतं. ऊन ४२ अंशांचं, गच्चीवर पापड तासाभरात कडक होतो, उशीला किती वेळ लागणार? पण मे म्हणजे आमच्याकडे टँकर. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे गाव. इथे मे महिन्यात उशा धुवायला पाणी घालते म्हटलं असतं तर सासूबाईंनी मलाच उन्हात वाळत घातलं असतं. मग थांबले. जुलैत पाऊस झाला, नळ बरा यायला लागला, त्यातच भाच्यानं एका उशीवर अख्खा कप चहा सांडला. धुतल्या.

धुणं सोपं निघालं, वाळवणं नाही. फॅनखाली ठेवल्या, रोज उलटल्या. दुसऱ्या दिवशी खोलीत वास. कोंबडी सोलायच्या आधी गरम पाण्यात बुडवतात ना, अगदी तो वास. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "अगं, ही उशी आहे का खुराडं?" ओल्या पिसांना थोडा वास येतोच, वाळल्यावर जातो, हे मला नंतर कळलं. पण चौथ्या दिवशी वरून कोरडी लागणारी उशी मधे दाबली तर हाताला गार लागली, आणि तो वास आता कुबट झाला होता. आत सुपारीएवढे गोळे.

शेवटी दोन्ही उशा गोणीत भरून एसटीनं बहिणीकडे संभाजीनगरला. तिच्याकडे धुऊन वाळवणारं मशिन आहे. पुन्हा धुतल्या आणि एकेक करून वाळवल्या, कारण अशा मशिनची वाळवायची क्षमता धुण्यापेक्षा कमी असते. सोबत तीन टेनिस बॉल टाकले, पोरं गल्लीत क्रिकेट खेळतात तेच. बॉल आपटून आपटून गोळे फोडतात. बॉल पांढऱ्या मोज्यात घालून गाठ मारा, नाहीतर उशीवर हिरवट डाग पडतील. एकेका उशीला तीन तासांवर वेळ गेला. अर्ध्यात बाहेर काढून, हातानं गोळे मोडून परत टाकावी लागली.

त्यानंतर नोव्हेंबरात आणि या मार्चमध्ये घरीच धुतल्या, ड्रायरशिवाय. आता माझी पद्धत अशी बसली आहे.

धुण्याआधी शिवण चारी बाजूंनी बघते. बोटभर उसवली असेल तर अख्खं मशिन पिसांनी भरेल. मशिन पुढून उघडणारं हवं. वरून उघडणाऱ्यात उशी पाण्यावर तरंगत राहते, आत हवा असते ना. ड्रममध्ये घालण्यापूर्वी उशी छातीशी धरून दाबते, हवा फुस्स करून निघते. आमच्या सात किलोच्या मशिनमध्ये एकच बसते, म्हणून तोल राखायला दोन जाड टॉवेल. पहिल्यांदा एकटीच टाकली होती, पिळायच्या वेळी मशिन स्वयंपाकघरातून बाहेर निघालं होतं. पावडर नको, लोकरीच्या कपड्यांचं लिक्विड दोन चमचे पुरे. साध्या पावडरीनं पिसांवरचं तेलकटपण जातं आणि ती ठिसूळ होतात. कम्फर्टसारखं कपडे मऊ करणारं काही घालू नका, तंतू एकमेकांना चिकटतात. खंगाळणं मात्र एक वेळ जास्तीचं.

पाण्याचं सांगते. आमचं बोअर जड आहे, बादलीला पांढरी पुटं धरतात. धुण्याला बोअर चालवलं, पण शेवटच्या दोन खंगाळण्यांना नळाचंच पाणी लावलं. नोव्हेंबरात सगळं बोअरवर केलं होतं, तेव्हा उशी वाळल्यावर कापड खरखरीत लागत होतं. आरओचं वाया जाणारं पाणी वापरायचा मोह होतो, त्यात क्षार उलट जास्त असतात. बाहेर पडणारं पाणी पिंपात धरलं, एका उशीमागे पंधरा लिटरच्या पाच बादल्या भरल्या. त्यात अंगण आणि गाडी धुऊन झाली, तेवढंच समाधान.

ओली उशी कोपऱ्याला धरून उचलू नका, आतलं सगळं ओझं एका शिवणीवर येतं. दोन्ही हातांवर, तान्ह्या बाळासारखी. गच्चीवर बाज टाकते. सुतळीच्या बाजेला खालूनही वारा लागतो, आणि खरी वाळते ती वाऱ्यानं. वरून जुनं सुती पातळ. त्यानं धूळ अडते आणि थेट उन्हाचा चटकाही बसत नाही. दर दोन तासांनी जाऊन उलटायची. तेव्हाच गोळे मोडायचे, हेच खरं काम. उशी उजेडासमोर धरली की गोळे काळपट दिसतात. प्रत्येक गोळा कापडावरूनच चिमटीत धरून दोन्हीकडे ओढायचा, ओला असेल तर सुटत नाही, अर्धवट वाळला की चर्र करून उकलतो. पंधरा-वीस मिनिटं एका उशीला, कंटाळवाणं आहे, पण टीव्हीसमोर बसून होतं. संध्याकाळी उशा घरात. शेजारच्या मांजरीवर लक्ष ठेवा. तिला पक्ष्याचा वास लगेच कळला, एका दुपारी पातळाखाली जाऊन झोपली होती.

वाळली हे कसं ओळखायचं? हात फसवतो, ते जुलैत कळलं. म्हणून आता धुण्याआधी वजन करते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आहे. दुकानदार म्हणाला, "वहिनी, उशी काय किलोनं विकायची का?" विचारू दे. कोरडी १ किलो १८० ग्रॅम. मार्चमध्ये पिळून काढल्यावर १ किलो ९४०. पहिल्या संध्याकाळी १ किलो ४२०, दुसऱ्या संध्याकाळी १ किलो २१५. वरून तेव्हाच कोरडी ठणठणीत वाटत होती, तरी ३५ ग्रॅम पाणी आत होतंच. तिसऱ्या दुपारी १ किलो १८० वर आली. नोव्हेंबरात यालाच चार दिवस लागले होते, दिवस लहान आणि रात्री गार.

तेव्हा आपल्याकडे मुहूर्त महाशिवरात्र ते होळी. हवा कोरडी झालेली असते आणि पाण्याची ओरड अजून सुरू झालेली नसते. मे महिन्यात वावटळ आणि वळीवही कधी येईल सांगता येत नाही. पावसाळ्यात चहा सांडला तर फक्त तेवढा डाग पुसा आणि वाट बघा. चेन लावायचा आतला अभ्रा घालून तोच वरचेवर धुतला तर वर्षातून एकदा उशी धुणं पुरतं. मी जुलैनंतर दोनदा धुतल्या, त्यातली नोव्हेंबरची टाळता आली असती.

ज्यांच्याकडे पुढून उघडणारं मशिन नाही आणि गच्ची नाही, त्यांनी या उशा घेऊच नयेत असं माझं मत आहे. आणि उन्हाळ्यात तशाही त्या नकोशा होतात, हवा धरून ठेवणारी वस्तू ऊबही धरते. परवाच दोन्ही सुती पिशवीत घालून कपाटात टाकल्या. प्लास्टिकमध्ये नाही, दमटपणा कोंडतो. आता पाऊस पडेपर्यंत डोक्याखाली सासूबाईंची सावरीची.