अस्तर लावून फसवलं

सोलापुरात राहून कापडात फसले, हे सांगायचीच आधी लाज वाटत होती. माहेर पूर्व भागातलं, लहानपण यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं, सासरे गिरणीत होते. आणि मीच बासष्ट हजारांचं काम डोळे झाकून दिलं. चार जणींना सांगितलं तेव्हा त्यातल्या दोघी म्हणाल्या, अगं आमचंही असंच झालं. म्हणून सविस्तर लिहिते.

जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला तेव्हा ठरवलं होतं, सगळ्या बिल्डिंगमध्ये असतो तसला बिस्किटी रंगाचा हॉल नको. एका भिंतीला मोठ्या पानापक्ष्यांचा वॉलपेपर, खिडक्यांना अजरखचे, म्हणजे ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे पडदे, सोफ्याला आपल्या सोलापुरी चादरीचं जकार्ड, म्हणजे नक्षी विणलेलं कापड आणि त्यावर खणाच्या उशा. सासूबाई म्हणाल्या, "हॉल आहे का गड्ड्याची जत्रा?" पण हे जमतं. एक नक्षी मोठी, एक मध्यम, एक बारीक घ्यायची आणि एक रंग सगळ्यांतून फिरवायचा. माझा मरून होता.

एका प्रदर्शनात भेटलेल्या इंटिरियरवाल्याने हेच न विचारता बोलून दाखवलं आणि मी विरघळले. त्याने आणलेले नमुने अस्सल होते, हे आजही म्हणते. अजरखच्या तुकड्याला निळीचा वास होता, ठशांचे जोड किंचित हललेले होते. चादरीचं कापड हाताला जाड, सुती. मी बोटं फिरवून पास केले आणि त्याने ते सगळे पिशवीत घालून परत नेले. माझी चूक तिथे झाली. नमुन्याचा वीतभर तुकडा कापून, त्यावर त्याची सही घेऊन, आपल्याकडे ठेवायचा असतो. हे मला कापडाच्या गावात कोणी शिकवायची गरज नव्हती.

चाळीस हजार ॲडव्हान्स, तेही मेहुण्याच्या नंबरवर. "पक्कं बिल घेतलं तर जीएसटी वाढेल ताई." बरं म्हटलं. साध्या कागदावर अंदाजपत्रक लिहून दिलं, त्यात नुसतं 'पडदे', 'सोफा कापड'. सुती की पॉलिस्टर, ठशाचं की छापील, एक शब्द नाही.

काम आठ दिवसांत झालं आणि हॉल खरंच छान दिसत होता. यातलीच मेख सांगते. कोऱ्या भिंतीवर डाग लगेच दिसतो; चार नक्ष्यांच्या गर्दीत खोट लपते. एकेका कापडाकडे बघावं तर नजर लगेच दुसऱ्यावर उडी मारते. महिनाभर मला काही कळलं नाही.

कळलं ते शेजारच्या अक्कांमुळे. त्यांचं माहेर-सासर दोन्ही विणकरांचं. चहाला आल्या, सोफ्यावर बसल्या आणि हात फिरवता फिरवता गप्प झाल्या. "वहिनी, ह्याची उलटी बाजू कुठंय ओ?" सोफ्याचं कापड तर खालून ठोकलेलं. त्यांनी सोफा आडवा करायला लावला, तळाचं काळं कापड एका कोपऱ्यात सोडवलं. खऱ्या चादरीत वरून मरून जमिनीवर पांढरी नक्षी असेल तर खालून पांढऱ्या जमिनीवर मरून दिसते, रंग फक्त उलटतात. इथे खालून पांढरंफटक होतं. नक्षी विणलेली नव्हतीच, नुसती छापलेली.

मग त्यांनी पडद्याकडे बघितलं. पडद्याला अस्तर होतं. त्या माणसाने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "ऊन लागून रंग जाऊ नये म्हणून अस्तर, माझ्याकडून फ्री." कडेची शिवण दोन बोटं उसवली. मागून तेच, पांढरं. अक्कांनी कडेचा धागा ओढून काढला, बशीवर धरून काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो, बोटाने चुरडावा तर राखाडी राख होते. हा आक्रसला, काळा धूर सोडला आणि टोकाला कडक मणी झाला. तो मणी बशीवर टकटक वाजवून त्या म्हणाल्या, "प्लॅस्टिक आहे की ओ."

म्हणजे उलटी बाजू कुठेच दिसणार नाही अशी सोय त्याने आधीच करून ठेवली होती. एक कापड ठोकलेलं, एक अस्तरात, वॉलपेपर तर चिकटवलेलाच.

वॉलपेपरचा हिशोब मी त्या रात्री केला. अंदाजपत्रकात सहा रोल, प्रत्येकी २,८०० रुपये. "डिझाईन मोठं आहे, जुळवताना निम्मा कागद वाया जातो," असं त्याचं म्हणणं. भिंत बारा फूट रुंद, दहा फूट उंच. रोल ५३ सेंटीमीटर रुंद आणि साधारण १० मीटर लांब. बारा फुटांना सात पट्ट्या लागतात. मी पट्ट्या मोजल्या, सातच. नक्षी दर ६४ सेंटीमीटरला परत येते, म्हणजे जुळवणी धरूनही एका पट्टीला ३.२० मीटर. एका रोलमधून तीन पट्ट्या निघतात. तीन रोलमध्ये नऊ, लागल्या सात. माळ्यावर टाकलेल्या कचऱ्यात वेष्टनंही तीनच सापडली. दोनांवर एकच बॅच नंबर, तिसऱ्यावर वेगळा. बॅच बदलली की छटा बदलते. सहा पट्ट्या पहिल्या दोन रोलच्या, बाल्कनीजवळची सातवी तिसऱ्याची. चारच्या उन्हात ती पिवळट दिसते.

फोन केला तर आधी "ताई, तुमचा गैरसमज", मग दोन रोलचे ५,६०० परत, मग नंबर ब्लॉक. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण काही हाती लागलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल नसल्यामुळे सगळी भिस्त व्हॉट्सॲपवरच्या संदेशांवर आणि पैसे पाठवल्याच्या नोंदींवर आहे. नशीब, 'प्युअर कॉटन अजरख' हे शब्द त्याने स्वतः टाईप केले होते. तुमचेही असले संदेश पुसू नका, स्क्रीनशॉट आजच काढा.

सोफ्यावर सध्या सासूबाईंची जुनी मोरपंखी चादर टाकली आहे. पाहुणे तिचंच कौतुक करतात. आणि त्या सातव्या पट्टीसमोर कूलर उभा आहे, ऐन जानेवारीत. हे रोज विचारतात, "अगं, हा माळ्यावर टाकू का?" मी म्हणते, असू दे.