ऊसबिलाचं सॉफ्टवेअर: घरचं की विकतचं?

साखर कारखान्यात हा प्रश्न बहुधा संगणक विभागातला जुना माणूस नोकरी सोडतो तेव्हाच उठतो.

आधी जमाखर्च. जीएसटी, टीडीएस यांचे नियम देशभर सारखेच. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला, तेव्हा टॅली हे विकतचं पॅकेज वापरणाऱ्यांनी नवी आवृत्ती चढवली. ज्यांचं घरचं होतं त्यांना कराचे दर, बिलाचे नमुने, रिटर्न, सगळं स्वतः लिहून काढावं लागलं. इथे विकतचंच घ्या.

शेतकी विभागाचं गणित निराळं. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा अशा ऊसप्रकारांच्या नोंदी. लागणीच्या तारखेप्रमाणे तोडीचा क्रम. काट्यावर भरल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन. मग सोसायटीच्या कर्जाची कपात. तोड-वाहतुकीच्या उचलीचा हिशेब आणखी वेगळा. ऊस नियंत्रण आदेशानुसार शेतकऱ्याचे पैसे १४ दिवसांत द्यायचे. अशात संचालक मंडळाने एका ठरावात कपात बदलली, तर घरचा प्रोग्रामर रात्री बसून ती दुरुस्त करतो. बाहेरची कंपनी आधी कोटेशन पाठवते.

पॅकेजच आपल्यासारखं वळवून घेऊ, असं कुणीतरी बैठकीत म्हणतंच. त्यांना जर्मनीतल्या लिडलची गोष्ट सांगा. सॅप हे तयार पॅकेज बसवताना मालसाठा खरेदीदराने धरायची आपली पद्धत या किराणा साखळीने सोडली नाही; पॅकेजची मूळ रचना विक्रीदराची. त्यासाठी केलेल्या फेरफारांनी प्रकल्प जड होत गेला आणि सात वर्षं, सुमारे ५० कोटी युरो घालवून २०१८मध्ये तो गुंडाळला.

घरच्या सॉफ्टवेअरचा धोका माणसात असतो. फॉक्सप्रो या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं ऊसबिल ज्याला कळतं तो एकटाच, आणि त्याला कुणी सुट्टी देत नाही (तोही घेत नाही, यातच त्याचं वजन!). मायक्रोसॉफ्टने तर फॉक्सप्रोचा आधार २०१५मध्येच काढून घेतला.

मधली वाटही आहे. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे कारभाराचं पॅकेज मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही घेऊन बदलता येतो. जमाखर्च, स्टोअर त्यात आयते मिळतात, ऊसनोंद वर जोडता येते. पण जोडणारा माणूस लागतोच.

म्हणून माझं मत: जमाखर्च विकतचा, ऊस घरचा, आणि त्याला किमान दोन प्रोग्रामर. दुसऱ्याचा पगार मंजूर होत नसेल तर ऊसही विकतच्यावर न्या; पण बदल गाळप संपल्यावर करा, आणि पुढच्या हंगामाचे पहिले दोन पंधरवडे दोन्हीकडे बिलं काढून ताळा जुळवा.