छतासाठी कोणतं सोलर पॅनल: पॉली, मोनो पर्क की टॉपकॉन?

तिन्हींत काम एकच चालतं. प्रकाशामुळे सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा होतो, सिलिकॉनच्याच पी आणि एन या दोन वेगवेगळ्या थरांच्या सीमेवरचं विद्युतक्षेत्र त्याला एका बाजूला ढकलतं आणि त्या बाजूचे धातूचे संपर्क त्याला गोळा करून तारेत सोडतात. वाटेत तो कुठे अडकला, तर वीज जाते आणि नुसती उष्णता उरते. ही गळती कोण किती रोखतं, त्याचेच जास्तीचे पैसे आपण मोजतो.

निळसर, ठिपकेदार दिसणारं पॉली म्हणजे एकत्र गोठलेले अनेक स्फटिक. त्यांच्या सांध्यांवर इलेक्ट्रॉन अडकतात, कार्यक्षमता 16-17 टक्क्यांवर थांबते. जुना माल स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. जागा आणि स्ट्रक्चरचं लोखंड दोन्ही जास्त लागतं.

खरी निवड उरते ती पर्क आणि टॉपकॉनमध्ये. दोन्ही एकाच स्फटिकाची, म्हणजे मोनो. पर्कच्या पाठीवरचा लेप इलेक्ट्रॉनला तिथे अडकू देत नाही आणि आरपार जाऊ पाहणारा प्रकाश परत आत पाठवतो. कार्यक्षमता 20-21 टक्के. टॉपकॉनमध्ये पाठीला जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर असतो. त्यातून इलेक्ट्रॉन पार होतात, धनभारित 'होल' (इलेक्ट्रॉन सुटल्यावर उरलेल्या रिकाम्या जागा) मात्र अडतात, म्हणून दोघं तिथे भेटून वाया जात नाहीत. इथे 22 टक्क्यांच्या पुढे जाता येतं.

आता आपलं ऊन. पॅनलवरचे वॅट 25 अंशांना मोजलेले असतात. विदर्भात मे महिन्यात सेल (पॅनलमधली वीज बनवणारी चकती) सहज 65 अंशांवर जातो. पर्क दर अंशाला साधारण 0.35 टक्के घटतं, टॉपकॉन 0.30. म्हणजे भर दुपारी पर्कची 14 टक्के घट, टॉपकॉनची 12. फरक आहे, पण विक्रेता रंगवतो तेवढा नाही.

तीन किलोवॅटला 540 वॅटची पर्क सहा लागतात आणि 580 वॅटची टॉपकॉनही सहाच, कारण पाच घेतली तर 2900 वॅटच होतात. तेव्हा छत मोकळं असेल तर पर्क पुरे. जागा अपुरी असेल किंवा पुढे लोड वाढणार असेल, तर टॉपकॉन. पत्र्याला चिकटून बसवणार असाल, तर दोन्ही बाजूंनी वीज देणाऱ्या 'बायफेशियल'चे पैसे वाया. पाठीला प्रकाशच पोहोचत नाही. आणि शेजारच्या टाकीची सावली पडत असेल, तर आधी तिचं बघा.

पीएम सूर्यघरचं अनुदान (तीन किलोवॅटला 78,000 रुपये) हवं असेल तर सेलही भारतातच बनलेले लागतात, म्हणजे डीसीआर पॅनल. कोटेशनवर नुसतं 'मोनो' लिहिलेलं चालवून घेऊ नका, पर्क आणि टॉपकॉन दोन्ही मोनोच आहेत. प्रकार, मॉडेल नंबर आणि डीसीआर लेखी मागा.