गंगटोकहून नथुला : शेअर जीपची एक दिवसाची सहल

सिक्कीमची राजधानी गंगटोक १,६५० मीटरवर, चीनच्या सीमेवरची नथुला खिंड ४,३१० वर. अंतर जेमतेम ५६ किलोमीटर, म्हणजे अर्ध्या दिवसात अडीच हजार मीटरहून जास्त चढाई. डोकं दुखतं, मळमळतं ते यामुळेच. आदल्या रात्री दारू नको, वर पायऱ्या दमादमाने चढा, लहान बाळांना तर नेऊच नका.

परवाना नोंदणीकृत एजंटच काढतो. ओळखपत्राची प्रत आणि पासपोर्ट साइझ फोटो आदल्या दिवशीच द्यायचे. सोमवार-मंगळवार खिंड बंद. परदेशी नागरिकांना प्रवेश नाही. बुकिंग करताना ‘नथुला धरून ना?’ हे स्पष्ट विचारा, कारण स्वस्त दर बहुधा वाटेतला त्सोमगो तलाव आणि बाबा मंदिर (जवान हरभजन सिंग यांचं स्मारक) एवढ्यापुरताच असतो. मागच्या आडव्या सीटवर घाटात हाल होतात; मधली सीट मागा.

वर पाहायचं काय? काटेरी तार, पलीकडे चिनी चौकी. ल्हासाकडे जाणारी ही जुनी व्यापारी वाट १९६२ ला बंद झाली, १९६७ ला इथेच भारत-चीन चकमक झडली आणि २००६ च्या जुलैत व्यापारापुरती पुन्हा उघडली. १९५८ मध्ये नेहरू याच वाटेने भूतानला गेले होते. फोटोला बंदी आहे, जवानांशी हुज्जत घालू नका.

त्सोमगोची याक-सवारी टाळली तरी चालेल. गमबूट आणि जाकीट तिथेच भाड्याने मिळतं, पण हातमोजे घरूनच न्या. भाड्याचे ओलसर असतात. बर्फ जास्त पडला की गाड्या तलावापासूनच परत फिरवतात, तेव्हा खिंडीचे पैसे परत मिळणार का, हे आधीच ठरवून घ्या.