जुनं रेल्वे इंजिन घ्यायचं: जीपी३८-२ की एसडी४०-२?

अमेरिकेतल्या छोट्या मालवाहू रेल्वेपुढचा नेहमीचा पेच. दोन्ही ईएमडी या अमेरिकी कंपनीची, दोन्हींत १६ सिलिंडरचं ‘६४५’ मालिकेचं डिझेल इंजिन, त्यामुळे बरेच सुटे भाग सारखेच. जीपीला ४ ॲक्सल, २००० अश्वशक्ती. एसडीला ६ ॲक्सल, ३०००.

देखभालीत खरा फरक टर्बोचा, म्हणजे धुराच्या जोरावर डिझेल इंजिनात हवा दाबणाऱ्या यंत्राचा. जीपीत हवा ढकलायला साधा ब्लोअर. एसडीतला टर्बो कमी भारावर धूर पुरत नाही म्हणून इंजिनाच्या गिअरने फिरतो. त्याचा क्लच गेला की खर्च दणदणीत. शिवाय तीन ॲक्सलची बोगी (डबा नव्हे, चाकांचा सांगाडा) तीव्र वळणांवर रूळ खाते. चढावर मात्र चाकं फिरवणाऱ्या ६ मोटरींची पकड जीपीला कुठून येणार?

नव्या रंगाला भुलू नका. क्रँककेसच्या (डिझेल इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) तेलात पाणी, ट्रॅक्शन मोटरचं (चाकं फिरवणाऱ्या त्याच मोटरींचं) इन्सुलेशन, चाकांची उरलेली जाडी आधी तपासा.

शंटिंग (यार्डात डबे हलवणं), वळणदार सायडिंग (बाजूचे रूळ) असेल तर जीपी. लांब चढ, जड गाड्या असतील तर एसडी.