समुद्रकाठच्या मिडवाइफ कादंबऱ्या: लेबर रूममधून एक अभिप्राय

मुखपृष्ठावरूनच ही पुस्तकं ओळखू येतात. फिकं निळं आकाश, पांढऱ्या भिंतीचं बैठं घर, कुंपणाला टेकवलेली सायकल, वर दोन-चार सीगल. पाठीमागच्या मजकुरात लंडनमध्ये लग्न मोडलेली एक मिडवाइफ, म्हणजे शिकलेली सुईण, इंग्लंडच्या टोकाला असलेल्या कॉर्नवॉलच्या एखाद्या मच्छीमार गावात नोकरी धरते. मावशीचं जुनं घर तिच्या नावावर झालेलं असतं. शेजारी एक घुम्या बाप्या राहतो, त्याच्याकडे एक कुत्रा असतो. पुढचं मी सांगायची गरज नाही, आणि पुस्तकालाही ते लपवायचं नसतं.

नेरूळच्या एका प्रसूतिगृहात मी लेबर रूमची इनचार्ज आहे, राहायला ठाण्यात नौपाड्याला. म्हणजे धंदा तोच, गाव वेगळं. सध्या माझ्या किंडलमध्ये या कादंबऱ्यांचीच दाटी झाली आहे. ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून पनवेल लोकल धरायची, खिडकी मिळाली तर उत्तम. ऐरोली येईपर्यंत नायिकेचा चहा होतो आणि तुर्भ्याच्या आसपास गावातल्या कुणाला तरी कळा सुरू होतात. ई-पुस्तक साधारण दीडशे-दोनशेला पडतं, सवलत असली तर त्याहून कमी. छापील प्रती ठाण्यात किलोवर इंग्रजी पुस्तकं विकणाऱ्या प्रदर्शनांत ढिगाखाली सापडतात. इंग्रजी सोपं असतं, डिक्शनरी लागत नाही. लागली तर ती केकच्या नावांसाठी.

आधी प्रेमाचं उरकते, कारण त्यात फारसा दम नाही. नायक बहुतेक वेळा लाइफबोटीवरचा स्वयंसेवक असतो. हे मात्र हवेतलं नाही. समुद्रात अडकलेल्यांना वाचवायला ब्रिटनमध्ये १८२४ साली सुरू झालेली आरएनएलआय ही संस्था आहे. ती देणग्यांवर चालते आणि बोटीवर जाणारे बहुतेक जण गावातलेच असतात. कोणी सुतार, कोणी मास्तर, कोणी हॉटेलवाला. पेजर वाजला की हातातलं टाकून धक्क्यावर पळायचं. तिलाही केव्हाही बोलावणं, त्यालाही केव्हाही बोलावणं. लेखिकांना हे फारच सोयीचं पडतं. दोघं जवळ आली की कुणाचा ना कुणाचा पेजर वाजतोच. तिसऱ्यांदा वाजला की मी पानं पुढे ढकलते. त्या बाप्यात मला रस नाही.

मला रस आहे तो गरोदर बाईच्या पहिल्या भेटीत. नायिका तिच्या स्वयंपाकघरात बसते. शेवटच्या पाळीची तारीख विचारते, तारखेची चकती फिरवते, बीपी घेते. मग चहा होतो. चहा पिता पिता ती बाई हळूच सांगते की मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात गेलं होतं आणि हे सासरी कुणाला माहीत नाही. मिडवाइफ ऐकते. घड्याळाकडे बघत नाही. पुढे सातव्या महिन्यात तीच येते, कळा सुरू झाल्यावर तीच येते, आणि दूध उतरत नाही म्हणून रडणाऱ्या बाईच्या पलंगावर येऊन बसणारीही तीच.

आमच्याकडे कळा देत आलेल्या बाईला मी त्याच क्षणी पहिल्यांदा बघते. नाव, फाइल, बीपी, एनएसटी (बाळाच्या ठोक्यांचा आलेख), गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलंय. शेजारच्या टेबलावर दुसरी. दारातून तिची सासू विचारते, "सिस्टर, अजून किती वेळ?" माझी ड्युटी सुटते तेव्हा ती सहा सेंटिमीटरवर असते. दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये वाचायचं: मुलगी, २.८ किलो. तिला पुन्हा कुठे बघितलं तर ते सीवूड्सच्या मॉलमध्ये, कडेवर वर्षाचं पोर. तिने मला ओळखायचं काही कारणच नसतं.

हे वाचून इंग्लंडात सगळं छान आहे असं समजू नका. तिथे १९०२च्या कायद्याने मिडवाइफचं शिक्षण आणि नोंदणी बांधून दिली, आणि ५ जुलै १९४८ला एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा आल्यापासून ही सेवा फुकट झाली. गुंतागुंत नसेल तर गरोदर बाईचं सगळं आजही मिडवाइफच बघते, डॉक्टर लागला तरच. बाळंतपणानंतरही साधारण दहा दिवस मिडवाइफची देखरेख राहते. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळखीची एकच मिडवाइफ ही गोष्ट तिथेही दुर्मीळच. एनएचएसने नेमलेल्या समितीने २०१६च्या अहवालात तशी शिफारस केली. २०२२मध्ये माणसं पुरेनात म्हणून त्यासाठी ठरवलेली मुदतच काढून टाकावी लागली. लंडनच्या बाईला जे मिळत नाही तेच तिला या कादंबरीतून विकत दिलं जातं. नेरूळमध्ये मीही तेच विकत घेते. वादळ, दीपगृह आणि कुत्रा हे वरचं वेष्टन.

आता कामाच्या बाजूने बोलते, कारण तिथे मी गप्प बसू शकत नाही. या गावांत प्रत्येकीची पाणमोट बाजारात, चर्चमध्ये नाहीतर कुणाच्या तरी लग्नात फुटते. प्रत्यक्षात दिवस भरलेल्या शंभर जणींत साधारण आठ-दहा जणींचंच पाणी कळांच्या आधी जातं. पहिलटकरीण दोन पानांत मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या सूचनांप्रमाणे पहिलटकरणीला पाच सेंटिमीटरच्या पुढचा टप्पाच बारा तासांपर्यंत चालू शकतो, आणि त्यात काही वावगं नाही. ते बारा तास जातात कुठे? कंबर चोळणं, उलटीचं भांडं धरणं, लघवीला उठवणं, नवऱ्याला मिळणाऱ्या शिव्या, "मला सिझर करा" असं शंभरदा ऐकणं, यातलं काहीच नाही. बाळ जन्मतं ते गुलाबी आणि पुसलेलं. आमची येतात ती निळसर, अंगभर पांढरट चिकट थर घेऊन, आणि गुलाबी व्हायला जरा वेळ घेतात.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र वारेची, म्हणजे प्लॅसेंटाची. एकाही कादंबरीत वार पडत नाही! बाळ रडतं, आई रडते, मिडवाइफ रडते, खिडकीबाहेर उजाडतं आणि प्रकरण संपतं. अहो, नाळ कापायची आहे. वार यायची आहे, ती पूर्ण आली का हे ट्रेमध्ये पसरून दोन्ही बाजूंनी बघायचं आहे. पोटावर हात ठेवून गर्भाशय आवळलंय का ते चाचपायचं आहे. बाळंतपणात बाया दगावतात त्यात रक्तस्राव हे जगभरातलं एक मोठं कारण, आणि तो बहुतेक वेळा बाळ बाहेर आल्यावरच होतो. म्हणून बाळ आलं की मिनिटभरात आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन द्यायचं, हे आमच्या हाताला इतकं बसलेलं आहे की झोपेतही देऊ. लेखिका त्याच मिनिटात भिजलेल्या नायकाला दारात उभा करते.

तरीही काही जणींनी लेबर रूममध्ये खरंच उभं राहून बघितलेलं असावं. एका पुस्तकात नायिका बाईशी गप्पा मारता मारता मध्येच थांबते आणि कप खाली ठेवते. तपासत नाही, काही विचारत नाही. त्या बाईचा आवाज बदललेला असतो, इतकंच. तो आवाज ओळखायला आम्हाला वर्षं गेली. त्या परिच्छेदाला मी पूर्ण पैसे देईन. पोटाला लावण्याआधी हात चोळून गरम करणं, पिनार्ड ही लाकडी नळी कानाला लावून पोटातल्या बाळाचे ठोके मोजणं हेही नीट येतं. पिनार्ड आता आमच्याकडे कपाटात पडलाय, ठोके ऐकवणारं डॉप्लर यंत्र आहे. पण लाइट गेल्यावर आणि सेल संपल्यावर काय वापरायचं हे नव्या मुलींना मी अजून शिकवते.

नाइटला शांत असलं की या गोष्टी मी आमच्या वॉर्डच्या मावशींना मराठीत सांगते. मावशी चेंदणी कोळीवाड्याच्या. बाळंतपणाच्या भागात त्यांना नवल वाटत नाही, पण गावाबद्दल त्यांचे प्रश्न थांबत नाहीत. बोटी धक्क्याला लागल्या, पुरुष उतरले आणि खानावळीत बिअर प्यायला गेले असं मी सांगत होते. मावशी म्हणाल्या, "मंग म्हावरा इकतं कोण?"

मी पुस्तक पुन्हा चाळलं. कोणीच विकत नाही. या गावांत बायका केक करतात, लोकर विणतात, फुलांचं दुकान चालवतात, पण मासळीला हात लावणारी बाई नाही. टोपली नाही, घासाघीस नाही, बर्फ नाही, आणि वास तर अजिबात नाही. मावशींनी निकाल देऊन टाकला की हे गाव मच्छीमारांचं नसून पाहुण्यांचं आहे. त्यांना कल्पना नव्हती, पण नेम बरोबर बसला. कॉर्नवॉलच्या सेंट आइव्ह्जमध्ये बाहेरच्यांनी सुट्टीची घरं घेऊन भाव एवढे चढवले की २०१६ साली गावकऱ्यांनी मतदान घेऊन नव्या बांधकामात अशा घरांना बंदीच केली. गावात जन्मलेल्या पोराला गावात घर परवडत नाही, हे घोडबंदर रोडच्या जाहिराती वाचणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. कादंबरीत मात्र नायिकेची मावशी मरते आणि समुद्र दिसणारं घर फुकटात मिळतं. मला विचाराल तर नायकापेक्षा हीच खरी स्वप्नरंजनाची जागा आहे.

एक गोष्ट मात्र मला या पुस्तकांत सुखावते आणि खुपतेही. माझं आजोळ दापोलीकडचं, बंदराजवळचं. आईच्या पिढीची सगळी बाळंतपणं तिथल्या सुईणीने केली. पाचवीला तिला मानाने बोलावत, सटवाई पुजली की साडीचोळी, नारळ, पायलीभर तांदूळ देत. पण बसायला पडवी. चहा वेगळ्या कपात, आणि तो कप तीच विसळून वळचणीला खोचून ठेवायची. घरातल्या प्रत्येक पोराला पहिला हात तिचा लागलेला, आणि तिचा हात घरातल्या भांड्याला चालत नव्हता. कादंबरीतली मिडवाइफ गावातल्या कुठल्याही घरात मागच्या दाराने थेट शिरते, स्वयंपाकघरात बसते, तिच्यासाठी कप आधीच काढून ठेवलेला असतो. हा प्रसंग प्रत्येक पुस्तकात येतो आणि लेखिकेच्या दृष्टीने त्यात काहीच घडत नसतं. मी तिथे थांबते.

घरच्या बाळंतपणाची हौस मला नाही, हे स्पष्ट सांगते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि ते बरंच झालं. आजोळी घरीच गेलेल्या बायकांची नावं मी लहानपणी ऐकली आहेत. इंग्लंडातही घरी बाळंत होणाऱ्या शंभरात जेमतेम दोन-तीन. कादंबरीच्या गावात निम्म्या. आपल्याकडे २०१८मध्ये केंद्र सरकारने नर्समधून मिडवाइफ तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, दीड वर्षाचं प्रशिक्षण ठरवलं. आमच्या लेबर रूमपर्यंत त्यातली एकही अजून पोचलेली नाही. पोचली तर तिच्यासाठी कप मी काढून ठेवीन, पण दोन टेबलांना एकच सिस्टर असेल तर तिलाही बसून चहा घ्यायला मिळणार नाही.

तारे द्यायचेच तर पाचपैकी साडेतीन. अर्धा नायकाने घालवला, एक वारेने. मालिका असेल तर पहिला भाग आधी घ्या, कारण पुढच्या भागांत जुन्या नायिका नुसत्या केक घेऊन येतात. नाताळाचे विशेष भाग टाळा. त्यांत बर्फ पडतो, रस्ता बंद होतो, हेलिकॉप्टर उडत नाही आणि बाळ खानावळीत होतं, दर वेळी. पहिल्या बाळाच्या नवव्या महिन्यात असलेल्या मुलीला ही पुस्तकं भेट देऊ नका, ती दोन पानांचा हिशोब धरून येईल आणि मग आम्हाला ऐकवेल. त्यापेक्षा तिच्या सासूला द्या. बाहेरच्या बाकड्यावर बसून वाचत राहिली तर दर दहा मिनिटांनी दार ठोठावणार नाही.