जुना सायलेन्सर दुकानात सोडून येऊ नका

गेल्या दिवाळीत मी माझ्या हीरोच्या एक्सपल्स 200 फोर व्ही मोटरसायकलला बाहेरचा एक्झॉस्ट बसवला आणि त्यात पुरता फसलो. मुळशी-ताम्हिणीकडे कच्च्या वाटांवर गाडी घालणाऱ्या आमच्यातल्या पोरांनी तरी हे वाचावं म्हणून लिहितोय.

नाना पेठेत दोन-तीन दुकानं फिरलो. एका दुकानात अक्रापोविच या परदेशी एक्झॉस्ट कंपनीचा लोगो असलेली फुल सिस्टिम, म्हणजे इंजिनपासूनच्या बेंड पाईपसकट अख्खा एक्झॉस्ट, दाखवली. "टायटॅनियम आहे दादा, इम्पोर्टेड. पिकअप बघाच तुम्ही." भाव अठ्ठावीस हजार. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वेगळा पडेल. मी बिल सोडलं. इथेच थांबायला हवं होतं. खरी अक्रापोविच स्लोव्हेनियात बनते, आणि टायटॅनियमची अख्खी सिस्टिम या भावात मिळत नाही, हे मला घरी बसून पाच मिनिटांत कळलं असतं.

जोडणी झाल्यावर तो म्हणाला, "जुना कशाला नेताय? माळ्यावर गंजत पडेल. ठेवा इथंच, हजार रुपये कमी करतो." मी बेंड पाईपसकट सगळा एक्झॉस्ट तिथे ठेवून आलो.

पहिल्याच रविवारी पौडच्या पुढच्या चढावर गाडी खालच्या आरपीएमला दम टाकू लागली. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जो रेटा मातीत लागतो तोच गेला होता. थ्रॉटल सोडला की फटफट आवाज, आणि मीटरवर इंजिनचा दिवा. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने पाईप उतरवला. ऑक्सिजन सेन्सरच्या भोकाजवळचं वेल्डिंग अर्धवट होतं. तिथून हवा आत ओढली जायची, सेन्सरला वाटायचं पेट्रोल कमी पडतंय आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल सोडायचा. मग त्याने बेंड पाईपला लोहचुंबक लावला. तो चिकटला. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. पण न चिकटला म्हणजे टायटॅनियमच असंही धरू नका, स्टेनलेसच्या काही जातींनाही तो चिकटत नाही. जळाल्यासारखा दिसणारा निळा रंग नुसता वरून दिलेला होता, रॉकेलच्या फडक्याने निघाला.

तरीही वाटलं, ठीक आहे, दुरुस्त करून वापरू. पण चांदणी चौकात वाहतूक पोलिसांनी अडवलं. आत डीबी किलर, म्हणजे आवाज कमी करणारा तुकडा, आहे म्हणून दुकानदाराने शपथ घेतली होती. होती ती एका स्क्रूवर लटकलेली पत्र्याची नळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) मध्ये प्रदूषण आणि आवाजाचे नियम मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्र, अशी तरतूद आहे. साहेब समजूतदार होते. पावती फाडली आणि म्हणाले, "ओरिजिनल बसवून गाडी दाखवायला आणा."

ओरिजिनल माझ्याकडे होता कुठे?

दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "तो तेव्हाच भंगारात गेला." शोरूममध्ये नव्या बेंड पाईप आणि सायलेन्सरची किंमत विचारली, तेव्हा त्या हजार रुपयांचा अर्थ कळला. बीएस 6 गाडीच्या एक्झॉस्टमध्ये धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महाग धातू असतात. मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या आपल्याकडे उगाच नाही पकडल्या गेल्या. दुचाकीत हे धातू थोडेच असतात, पण भंगारवाला त्याचेही पैसे देतो. शिवाय चांगल्या स्थितीतला कंपनीचा सायलेन्सर दुसऱ्या कुणाला विकताही येतो. म्हणजे दुकानदाराने माझ्याकडून दोनदा कमावलं, आणि दुसऱ्यांदाचं मला कळलंसुद्धा नाही.

ज्यांना बदलायचाच आहे त्यांनी आपल्या मॉडेलसाठीच बनवलेली स्लिप-ऑन, म्हणजे फक्त मागचा सायलेन्सर बदलणारी, घ्यावी. तिच्यात कंपनीचा बेंड पाईप आणि सेन्सर जागच्या जागी राहतो. कन्व्हर्टर मात्र आपल्या गाडीत नेमका कुठे आहे ते आधी मेकॅनिकला विचारा, आणि काढलेला प्रत्येक तुकडा घरी न्या.

माल विकून बिल न देणं हे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत मोडतं. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पुरावा म्हणून हातात आहे तो यूपीआयचा व्यवहार आणि फिटिंग चालू असताना भावाने काढलेला व्हिडिओ. त्यात माझा जुना सायलेन्सर दुकानाच्या पायरीवर ठेवलेला स्पष्ट दिसतोय.